दुसऱ्या अबोलाचं कापड

मावशीचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. नवे कपडे शिवणं तिने केव्हाच सोडलं होतं, आता फक्त दुरुस्ती. पॅन्टची उंची कमी करायची, चेन बदलायची, फाटलेलं रफू करायचं आणि मुख्य म्हणजे घट्ट झालेलं सैल करायचं. लोक खातायत तोवर मला मरण नाही, असं ती म्हणायची.

तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी बबडी एकोणीस वर्षांची होती. कॉलेज सुटलं की घरी न जाता ती आधी दुकानात यायची, कपड्यांच्या ढिगावर दप्तर टाकायची आणि कात्री हातात घ्यायची. "माय मरो नि मावशी जगो ही म्हण माझ्या पोरीने फारच मनावर घेतलीय," असं तिची आई चेष्टेने म्हणायची, आणि त्या चेष्टेत थोडी धार असायची.

बबडीला दोन वर्षांपासून कॉसप्लेचा नाद लागला होता. चित्रकथेतलं एखादं पात्र निवडायचं, त्याचा हुबेहूब पोशाख करायचा आणि तो घालून मोठ्या हॉलमधल्या मेळाव्याला जायचं. मावशी याला सरळ 'सोंगं' म्हणायची. तयार पोशाख मागवणं परवडणारं नव्हतं, आणि सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे मावशीला चांगलं ठाऊक होतं. म्हणून दोघी आजूबाजूच्या दुकानांतच शोधायच्या. व्यायामाची जाड मॅट इस्त्रीच्या उष्णतेने वाकवली की छातीचं चिलखत होतं, नळाच्या पाइपची काठी होते, जुन्या बॅगांची बक्कलं रंग फासला की शंभर वर्षांपूर्वीची वाटतात, हे सगळं मावशीनेच शोधून काढलं होतं.

या वर्षी बबडीने जोडी निवडली होती. एक कंदीलवाली, धुक्यात चुकलेल्या लोकांना वाट दाखवणारी. आणि दुसरा तिचा राखणदार. उंच, पायघोळ करड्या अंगरख्यातला, तोंडावर जाळीचा मुखवटा. तो कधीच बोलत नाही आणि कायम तिच्या एक पाऊल मागे चालतो. मावशी त्याला सुरुवातीला 'मुका' म्हणत होती. पण "मावशी, तुमचा मुका कधी तयार होणार?" असं विचारून पोरं फिदीफिदी हसायला लागली, तेव्हा तिनेही बाकीच्यांसारखं 'अबोल' म्हणायला सुरुवात केली.

कंदीलवाली अर्थात बबडी. अबोल होणार होता तिच्या वर्गातला लंबू. ताडमाड उंच, भिडस्त पोरगा, दुकानात शिरताना कायम वरच्या चौकटीला डोकं आपटायचा आणि चौकटीचीच माफी मागायचा. दिवसभर बोलायचं नाही, हे काम त्याला मनापासून आवडलं होतं.

कटपीसच्या दुकानातून त्यांनी पाच मीटर करडं कापड आणलं. एका बाजूने लव असलेलं, घोंगडीसारखं जाड. भांडीवाल्याकडून बारीक जाळीची मोठी चाळणी आणली, तिचा मुखवटा. बबडी रोज संध्याकाळी इंटरनेटवरच्या आपल्या पानावर दिवसभराच्या कामाचे फोटो टाकायची. कुठलं दुकान, तिथून काय घेतलं, किती घेतलं, कसं कापलं. तिच्यासारख्या हातात पैसे नसलेल्या मुलामुलींना त्याचा उपयोग व्हायचा. फोटोंत मावशीचे हात दिसायचे, चेहरा नाही. सुईत दोरा ओवणाऱ्या त्या हातांना हजारो अनोळखी माणसं ओळखतात, याचं मावशीला मनातून कौतुक होतं.

मेळाव्याला अठरा दिवस उरले असताना मावशी कटपीसच्या दुकानात गेली. अंगरख्याच्या टोपीला कापड थोडं कमी पडत होतं, अर्धा मीटर आणखी हवं होतं. कटपीसवाल्याने मान हलवली. तो तागाच संपला होता. काल तुमचाच माणूस येऊन उरलेलं सगळं घेऊन गेला, असं तो म्हणाला. पाच मीटर ते आणि वर पाव मीटर ते लालसर अस्तराचं, तुम्ही नेलंत तेच.

आमचा कुठला माणूस, असं मावशीने विचारलं. कटपीसवाल्याला सांगता येईना. मध्यम वयाचा, नीटनेटका, हळू बोलणारा. पोरीने नेलं तेच द्या म्हणाला, अस्तरही त्यानेच आठवणीने मागितलं, म्हणून कटपीसवाल्याला वाटलं घरचाच असेल.

बबडीला हे सांगितलं तर ती खूष झाली. म्हणजे कोणीतरी आपलं पाहून पोशाख करतंय. एवढ्यासाठी तर फोटो टाकायचे. मावशीला ते पटलं. टोपी तिने जोड देऊन बेतली.

चार दिवसांनी हार्डवेअरवाल्याने तिला रस्त्यातच थांबवलं. तुमच्या अबोलाची काठी आणखी एकाने नेली, असं तो हसत म्हणाला. लंबूची काठी त्याच्या खांद्याएवढी कापली होती, हे हार्डवेअरवाल्याला आठवत होतं, कारण मोजताना लंबू वरचा पंखा पाडता पाडता राहिला होता. हा माणूस आला आणि नेमकी तीच लांबी मागायला लागला. हार्डवेअरवाला त्याला म्हणाला, तुमच्या खांद्याला लावून बघा ना, प्रत्येकाची उंची वेगळी. तर तो म्हणाला, नको, त्याच्याएवढीच द्या.

"मग ती त्याला हनुवटीपर्यंत आली," हार्डवेअरवाला म्हणाला. "मी म्हटलं, मोठी होईल. तर म्हणाला, नाही होणार."

मावशी दुकानात परत आली आणि मशीनवर बसली, पण पाय चालेना. तीस वर्षं तिने माणसांची मापं घेतली होती. जो माणूस स्वतःसाठी कपडा करतो, तो स्वतःचं माप सांगतो. चुकीचं सांगेल, पोट आत ओढून सांगेल, पण स्वतःचंच सांगेल. दुसऱ्याच्या मापाची काठी कोण घेतं?

त्याच दुपारी ती कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्त करणाऱ्या आजोबांकडे गेली. विचारायचं काय हे नक्की ठरलं नव्हतं. अबोलासाठी लंबूच्या बुटांना त्यांनीच लावून दिलेल्या पट्ट्यांचं निमित्त काढलं. आजोबांनी चष्मा कपाळावर सारला आणि आपणहूनच सांगितलं, की तसलेच बूट घेऊन परवा एकजण आला होता. त्याला पट्ट्या हव्या होत्याच, पण आतून रबरही भरून हवं होतं. बाहेरून दिसायला नको, चालताना आवाज यायला नको.

"किती भरलंत?" मावशीने विचारलं.

आजोबांनी हाताची चार बोटं जोडून आडवी धरली. "एवढं. मी म्हटलं, पाय मुरगळेल. तर म्हणाला, सवय करतोय."

मावशीने मनातल्या मनात खांदा आणि हनुवटी यांतलं अंतर मोजलं. खरं तर मोजायची गरज नव्हती. तो माणूस अबोलाचं सोंग करत नव्हता. तो लंबूचं सोंग करत होता.

घरी जाईपर्यंत तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती भर रस्त्यात उभी राहिली. ते लालसर अस्तर. अंगरख्याच्या गळपट्टीच्या आतून ते लावलं होतं, मानेला करडं कापड टोचू नये म्हणून. ते बाहेरून दिसत नव्हतं आणि त्याचा फोटो बबडीने कधीच टाकला नव्हता. टाकला नाही हे मावशीला पक्कं माहीत होतं, कारण आतली शिलाई घाईत वाकडी गेली होती आणि तिनेच टाकू नको म्हणून सांगितलं होतं. म्हणजे ज्याने ते पाहिलं, त्याने दुकानात पाहिलं.

रात्रभर विचार केल्यावर तिला एक जाकीट आठवलं. मावशीला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नसत, कपड्यांनी राहत. निळं जाकीट, चेनचा एक दात वाकलेला. तिने दहा मिनिटांत नीट करून दिलं. आठवड्याने तेच जाकीट परत आलं, आणि या वेळी चार दात वाकलेले होते, आणि वापरून नव्हे तर पकडीने वाकवलेले. तेव्हा तिला नवल वाटलं होतं, पण गिऱ्हाइकाशी वाद कशाला, म्हणून ती काही बोलली नव्हती. दोन्ही वेळा दुपार होती. दोन्ही वेळा तो माणूस भिंतीकडच्या स्टुलावर बसून राहिला. उद्या न्या म्हटलं तर म्हणाला, घाई नाही, बसतो मी. बबडी जमिनीवर बसून कंदिलाला जिलेटीन कागद चिकटवत होती. त्या माणसाचा चेहरा कसा होता? मावशीने डोळे मिटून खूप ताण दिला. जाकीट दिसत होतं, चेन दिसत होती, वर काहीच नव्हतं.

सकाळी तिने बहिणीला सगळं सांगितलं. बहिणीने हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाली, बंद करा हे सगळं, आजच. मग दोघी पोलिसांकडे गेल्या. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं की त्या इसमाने धमकी दिली का, पाठलाग केला का, निदान बोलला तरी का. यातलं काहीच झालं नव्हतं. कापड घेणं हा गुन्हा नाही, असं तो म्हणाला, आणि तो चूक नव्हता.

बबडीने आधी हसण्यावारी नेलं. नंतर तिचा आवाज चढला. दीड महिना राबलोय, लंबूने सुट्टीत काम करून बूट घेतलेत, आणि कोणा एकाने तसलाच पाइप घेतला म्हणून आम्ही घरी बसायचं? मग ती रडायला लागली. बहीण ऐकायला तयार नव्हती. शेवटी मावशी मध्ये पडली. मी जाते सोबत, असं ती म्हणाली. दिवसाढवळ्याचा कार्यक्रम आहे, हजार माणसं असणार, लंबू असणार. दोघांनी एकमेकांना क्षणभरही सोडायचं नाही आणि मी नजर ठेवते.

"तुझ्या भरवशावर पाठवतेय," एवढंच बहीण म्हणाली.

पुढे हे वाक्य मावशीला कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

बबडीने फोटो टाकणं थांबवलं. मावशी दुकानाचं दार पुढे करून शिवत बसायची. कोणी जिन्यावरून गेलं की मशीन थांबायचं. नवं गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि माणसं बिचकायची. पण त्या दोन आठवड्यांत काहीच घडलं नाही. कुठल्याच दुकानातून काही कळलं नाही. कारण सरळ होतं, पण ते तिला नंतर सुचलं. त्याला लागणारं सगळं सामान त्याला मिळालं होतं.

मेळाव्याचा रविवार उजाडला. हॉल म्हणजे एक जुनं भलंमोठं गोदाम होतं, छताला काचेच्या पट्ट्या, त्यांतून उन्हाचे लांब पट्टे खाली पडलेले. आत पंखवाले, शेपटीवाले, पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेले, डोक्यावर शिंगं बांधलेले. कोणाचाच चेहरा दिसत नव्हता. मावशीला पहिल्यांदाच वाटलं की आपण मोठी चूक केली. जिथे सगळेच तोंड झाकून आलेत, तिथे आपण कोणाला ओळखणार होतो?

संयोजकांनी तिला एका कोपऱ्यात टेबल दिलं. ऐन वेळी फाटलेलं-तुटलेलं शिवून द्यायला कोणीतरी हवंच होतं. तिथून अर्धा हॉल दिसायचा. गळ्यात टेप, मनगटाला टाचण्यांची उशी, असं ती बसली आणि बबडीवर डोळा ठेवून एकाच्या मागे एक पंख जोडत राहिली. करडा अबोल एकच होता. तिने तीनदा सगळा हॉल नजरेखालून घातला. एकच होता, तिने बेतलेला, आणि तो कंदीलवालीच्या एक पाऊल मागे चालत होता. लोक थांबवून दोघांचे फोटो काढत होते. काही विचारलं तर अबोल नुसती मान झुकवायचा आणि लोकांना ते फार आवडायचं. तास गेला, दीड तास गेला. मावशीच्या छातीवरचा दगड थोडा हलका झाला.

मग लंबू हातवारे करत स्वच्छतागृहाकडे गेला. बबडी दाराबाहेर थांबली, ठरल्याप्रमाणे. मावशीला टेबलावरून ती दिसत होती. कंदील हातात धरून ती एका छोट्या मुलीला जिलेटीन कागद कसा लावला ते दाखवत होती. पाच-सात मिनिटांनी अबोल बाहेर आला, बबडीच्या मागे उभा राहिला, आणि दोघं पुन्हा चालायला लागले. मावशीने सुस्कारा सोडला आणि एका पोराच्या फाटलेल्या बाहीत सुई घातली.

दोघं तिच्या टेबलापासून दहा पावलांवरून गेले. काचेच्या पट्टीखालून जाताना अबोलाच्या पाठीवर ऊन पडलं, आणि मावशीचा हात थांबला.

अंगरखा गडद दिसत होता. भिजल्यासारखा. घाम असेल असं तिला वाटलं, पण घाम खांद्यापासून घोट्यापर्यंत सारखा येत नाही. लव असलेलं कापड बेतताना लव वरून खाली यावी लागते, मांजरीच्या अंगावरच्या केसांसारखी. तेच कापड उलटं धरून बेतलं तर लव वर जाते, उजेड गिळते आणि रंग एक छटा काळा दिसतो. नव्याने शिवायला शिकलेला माणूस ही चूक हमखास करतो, कारण ती फोटोत दिसत नाही आणि कोणी सांगत नाही. लंबूचा अंगरखा मावशीने स्वतः बेतला होता. त्याची लव खाली होती.

ती उठली. टेबलावरचं दोऱ्याचं रीळ गडगडत गेलं. पोरगं म्हणालं, मावशी, सुई बाहीतच आहे. तिला ते ऐकू आलं नाही.

गर्दीतून वाट काढताना तिला हाक मारता येईना. हाक मारली तर तो काय करेल, हे तिला माहीत नव्हतं. बबडी पुढे होती, खुशीत, अबोल काठीने दिशा दाखवत होता. तिला वाटत असणार, लंबूने फोटोसाठी चांगली जागा शोधलीय. दोघं स्टॉलच्या मागे वळले, तिथून एका लांब बोळात. सामान आणायची वाट होती ती. दोन्ही बाजूंना रिकामी खोकी, टोकाला उघडं दार, दारातून पांढरं ऊन, आणि त्या उन्हात दाराला पाठ लावून उभी असलेली एक बंद गाडी. गाडीचं मागचं दार उघडं होतं. आत खाली सतरंजी अंथरलेली दिसत होती, नीट, कोपरे ताणून.

बबडी त्या दारापासून वीस पावलांवर होती. मावशीचा आवाज आला तो दुकानातला, रोजचा.

"बबडे, थांब गं. मागची टीप उसवलीय. अंगावरून उतरेल सगळं."

दुसऱ्या कशाने ती एवढ्या झटकन थांबली नसती. पाठीला हात लावत ती वळली आणि वैतागून मावशीकडे चालत आली. मावशीने तिचं मनगट धरलं. एवढं घट्ट, की बबडी कळवळली.

अबोल तिथेच उभा होता. मुखवट्याच्या जाळीमागे काही दिसत नव्हतं.

"लंबू, मुखवटा काढ रे जरा," मावशी म्हणाली. "पट्टी ढिली झालीय."

तो हलला नाही. बबडी हसली, म्हणाली की तो आज काही ऐकायचा नाही, अगदी अंगात आलंय त्याच्या. मग तिने मावशीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू तिच्या ओठांवरच राहिलं.

त्याने मान किंचित झुकवली, दिवसभर अबोल झुकवत होता तशीच. मग तो बोलला. हळू, सभ्य आवाजात, कपडा तयार व्हायच्या आधीच आलेल्या गिऱ्हाइकाशी कोणी बोलावं तसा.

"दहा मिनिटं उशिरा आला असतात तर बरं झालं असतं."

तो आवाज मावशीने ऐकलेला होता. घाई नाही, बसतो मी.

त्याने काठी भिंतीला टेकवली, पडू नये म्हणून दोनदा नीट केली, आणि दाराकडे चालत गेला. पळाला नाही. चार बोटं उंच बुटांतही त्याचं पाऊल वाकडं पडलं नाही. गाडीचं मागचं दार बंद झालं, मग पुढचं. मावशीला ओरडायचं होतं, पण तोवर गाडी निघून गेली होती.

"लंबू कुठंय?" बबडीने विचारलं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

लंबू सापडला स्वच्छतागृहालगतच्या, झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत. दाराच्या कडीत फरशी पुसायचा दांडा अडकवलेला होता. तोंड धुवायला त्याने मुखवटा काढला तेवढ्यात मागून डोक्यात काहीतरी बसलं, एवढंच त्याला आठवत होतं. हात प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधले होते, तोंडावर चिकटपट्टी. ती काढल्यावर पहिल्यांदा तो म्हणाला, "सॉरी मावशी." त्यावर मावशीला रडू फुटलं.

सामान उतरवणाऱ्या एका हमालाने गाडीचा नंबर पाहिला होता, कारण ती त्याच्या वाटेत उभी होती. गाडी भाड्याची निघाली आणि नवव्या दिवशी तो माणूस सापडला. नकाशांच्या प्रती काढणाऱ्या एका ऑफिसात कारकून होता. तिथले लोक म्हणाले, अतिशय नेटका माणूस, कधी कोणाशी वाद नाही. राहायला मावशीच्या दुकानामागच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या खिडकीतून दुकानाचा जिना दिसायचा.

पोलिसांनी मावशीला त्या खोलीत नेलं. शिवणातलं कळणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. खोली झाडून पुसून लख्ख होती. एक पलंग, एक जुनं शिलाई मशीन, आणि खिडकीशी, दुकानांत असतो तसा एक कपड्यांचा पुतळा. पुतळ्याच्या छाती-कमरेला जुन्या चादरींच्या पट्ट्या गुंडाळून त्याला हवा तसा आकार दिला होता. आणि त्याच्या अंगावर कंदीलवालीचा पोशाख होता. बबडीने केला होता तोच, पण कटपीसचा नव्हे. भारी कापडाचा.

माप घेऊन सांगा, असं साहेब म्हणाले. मावशीने गळ्यातला टेप काढला. छाती, कमर, खांदा, बाही. कमरेशी तिने दोनदा मोजलं. गेल्या महिन्यात बबडीला ताप आला होता आणि ती कमरेत दोन बोटं उतरली होती. ते नवं माप मावशीने एकाच जागी लिहिलं होतं, आपल्या मापांच्या वहीत, आणि ती वही दुकानात स्टुलाच्या वरच्या खिळ्याला टांगलेली असायची. पुतळ्याची कमर नव्या मापाची होती.

पोशाखाला मशीनची एकही टीप नव्हती. सगळं हाताने, एकसारख्या बारीक टाक्यांनी शिवलेलं. या वेळी लवेची चूकही नव्हती. तळाची कड अजून दुमडायची राहिली होती आणि तिथे सुई टोचून ठेवलेली होती, दोऱ्यासकट.

त्याने काहीच कबूल केलं नाही. फोटो काढायला नेत होतो, असं म्हणत राहिला. पोराला बांधून ठेवलं आणि गाडी खोट्या कागदांवर घेतली, एवढंच सिद्ध होण्यासारखं होतं. पाच महिन्यांनी तो जामिनावर सुटला. ऑफिसने त्याला काढून टाकलं, खोली त्याने सोडली आणि तो दुसऱ्या गावी गेला, असं पोलिसांनी सांगितलं. कुठल्या, ते सांगितलं नाही.

बबडीने आपलं पान बंद केलं. कॉलेजला जायची, पण आईसोबत. लंबू संध्याकाळी तिला घरी सोडायचा, आणि शेजारून चालायचा, मागून नाही. दुकानात ती सहा महिने आलीच नाही. बहीण मावशीशी बोलायची, पण कामापुरतं.

मग एका दुपारी बबडी आली. ढिगावर दप्तर टाकलं नाही, मांडीवर धरून दाराकडे तोंड करून बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मशीन चालू होतं. मग तिने विचारलं, त्या खोलीत माझा पोशाख होता म्हणे. आईने सांगितलं नाही, पण मी ऐकलं.

मावशीने पाय थांबवला. हो म्हणाली.

"कसा होता?"

"कसा काय? सोंग होतं नुसतं."

"मावशी, नीट सांग. त्याला जमला होता का?"

मावशीच्या डोळ्यांसमोर ते टाके आले. तीस वर्षांत तिला तसे घालता आले नव्हते. एवढा वेळ, एवढा धीर त्या माणसाने कुठून आणला, हे तिला रोज मशीनवर बसताना वाटायचं, आणि तो धीर अजून त्याच्याकडे असेल, हेही वाटायचं.

"कसला जमतोय," ती म्हणाली. "गबाळं काम. एक खांदा वर, एक खाली. टाके तर असे, की कोंबडीने पाय नाचवलेत. तू घातला असतास तर शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं, की हा मावशीचा हात नव्हे."

बबडी हसली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. मग तिने दप्तर खाली ठेवलं आणि उसवायच्या कपड्यांतली एक पॅन्ट पुढे ओढली. मावशीने मान खाली घालून पुन्हा मशीन सुरू केलं. दोन-तीन टाके गेल्यावर तिच्या लक्षात आलं की मघाशी दोरा तुटलाय आणि सुई कापडात नुसतीच भोकं पाडत चाललीय. पण बबडी बघत नव्हती, म्हणून ती तशीच चालवत राहिली.